गुडघाभर पाण्याचं गाव : मेसोलोंगीत चार दिवस

सांतोरिनीच्या निळ्या घुमटांवरून ग्रीस ठरवून निघालेला माणूस मेसोलोंगीत उतरला, तर पहिला तासभर गोंधळतो. गाव सपाट, घरं साधी, आणि समुद्र म्हणावा तर तो समुद्र वाटतच नाही. पात्रासच्या आखाताच्या उत्तर काठावर आखेलोओस आणि एविनोस या दोन नद्यांनी हजारो वर्षं गाळ आणून टाकला. त्यातून दीडशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं खारं सरोवर तयार झालं. बऱ्याच ठिकाणी पाणी अर्धा ते एक मीटर, म्हणजे गुडघा-मांडीपर्यंतच. या गावात जे काही घडलं, पिकलं, विकलं गेलं, त्यातलं बहुतेक सगळं या उथळपणामुळे. तेवढं ध्यानात ठेवून फिरलं की गाव उलगडत जातं.

यायला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उत्तम. मिठाची काढणी चालू असते, बोय मासा गाबोळी (पोटातली अंडी) घेऊन समुद्राकडे निघालेला असतो, ऊन सोसवतं. बहुधा एप्रिलमध्ये, ऑर्थोडॉक्स पंचांगातल्या ईस्टरच्या आधीच्या रविवारी, वेढ्याच्या स्मरणाचा मोठा सोहळा असतो. तेव्हा खोली मिळणं मुश्कील. जुलै-ऑगस्टमध्ये येऊ नये. उकाडा आणि डास, दोन्ही मुबलक. अर्थात डास सप्टेंबरातही असतात. अंधार पडायच्या आत लांब बाह्यांचा शर्ट अंगात हवा.

पहिला दिवस : अथेन्स, पूल, तटबंदी

अथेन्सहून अंतर सुमारे 240 किलोमीटर. विमानतळावर उतरून थेट निघायचं असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्या: मेसोलोंगीच्या बस किफिसॉस टर्मिनलवरून सुटतात आणि हे टर्मिनल मेट्रोवर नाही. ओमोनिया चौकाजवळून 051 नंबरची सिटी बस तिथे जाते. टर्मिनलवर प्रत्येक जिल्ह्याची खिडकी वेगळी, त्यामुळे गावाचं नाव न शोधता एतोलोआकार्नानिया या जिल्ह्याची खिडकी शोधायची. बसला साडेतीन तासांच्या आसपास लागतात.

वाटेत रिओ-अंतिरिओचा पूल लागतो. खिडकीची जागा मिळवावी असा. लांबी 2,880 मीटर, चार मनोरे, आणि खाली 65 मीटरपर्यंत खोल पाणी. गंमत अशी की तळाशी खडकच नाही, नुसता गाळ. शिवाय भाग भूकंपाचा, आणि आखाताचे दोन काठ दरवर्षी काही मिलिमीटर एकमेकांपासून सरकतात. म्हणून मनोरे जमिनीत रोवलेलेच नाहीत. समुद्रतळात पोलादी नळ्या ठोकून गाळ घट्ट केला, त्यावर खडीचा थर पसरला आणि 90 मीटर व्यासाचे पाये त्या खडीवर नुसते ठेवले. मोठा धक्का बसला तर पाया जरासा घसरेल, मोडणार नाही, असा हिशेब. ऑगस्ट 2004 मध्ये, अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर पूल खुला झाला. ही कल्पना संसदेत मांडली होती 1889 मध्ये, पंतप्रधान खारिलाओस त्रिकूपिस यांनी. ते घराणं मेसोलोंगीचंच. स्वतःची गाडी असेल तर पुलाचा टोल खिशाला जाणवतो. खाली जुनी फेरी अजून चालते आणि ती स्वस्त पडते.

अंतिरिओनंतर डोंगर थेट पाण्यात उतरतात, मग अचानक सगळं सपाट होतं आणि गाव येतं. वस्ती बारा-तेरा हजारांची. जुनं गाव तीन बेटुकल्यांवर कोळ्यांनी वसवलेलं, मधल्या खाड्या बुजवून एक झालेलं. नावाची फोड बरेच जण इटालियनमधून करतात, ‘सरोवरांच्या मधलं’. अठराव्या शतकात या गावाची स्वतःची व्यापारी जहाजं होती. तेव्हाची जहाजं लहान, म्हणून उथळ पाण्यातून निभावून गेलं. पण 1770 च्या उठावात उस्मानी फौजेने तो ताफा जाळून टाकला. पुढे जहाजांची बूड जसजशी खोल होत गेली, तसं मोठं बंदर समोरच्या पात्रासकडे गेलं. आज बंदरापर्यंत यायचं तर सरोवरातून खणलेल्या सरळ चॅनेलमधूनच यावं लागतं. चॅनेलची खूण सोडून जरा बाजूला गेलं की शिडाची बोट चिखलात रुतलीच म्हणून समजा.

दुपार उतरली की तटबंदी आणि वीरांचं उद्यान बघायचं. गावाच्या उत्तरेला, जमिनीकडच्या बाजूला, दगडी वेस आहे, आणि तिला लागूनच उद्यान. इथे पायाखाली काय आहे ते आधी माहीत असलं पाहिजे, नाहीतर ही नुसती पुतळ्यांची बाग वाटते.

1821 च्या मे महिन्यात गाव उस्मानी सत्तेविरुद्धच्या उठावात सामील झालं. पहिला वेढा 1822 चा. ख्रिसमसच्या पहाटे, सगळे चर्चमध्ये असतील या हिशेबाने झालेला हल्ला फसला, कारण बातमी आधीच आत पोचली होती. मग खिओस बेटाचा इंजिनियर मिखाइल कोक्किनिस याने तट बांधून काढला. तट म्हणजे दगडी राजगड-रायगड डोळ्यांसमोर आणू नका. मातीचा भराव, पुढे खंदक, आणि पुढे काढलेले बुरूज. बुरुजांना नावं स्वातंत्र्यवीरांची, त्यातलं एक चक्क अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनचं. दगडावर तोफेचा गोळा बसला की ठिकऱ्या उडतात, माती तो गिळते. शिवाय रात्रीतून फावडी घेऊन पडलेला भाग भरून काढता येतो. हा कच्चा दिसणारा तट वर्षभर टिकला, तो यामुळे.

शेवटचा वेढा एप्रिल 1825 मध्ये पडला. जमिनीवर रशीद मेहमेद पाशा, ग्रीक लोक त्याला कुताही म्हणतात. हिवाळ्यात इजिप्तचा इब्राहिम पाशा येऊन मिळाला. गावाचा श्वास चालू होता तो सरोवरामुळे. तुर्की युद्धनौका आत येऊच शकत नव्हत्या, आणि ग्रीक ॲडमिरल मियाऊलिस बाहेर जहाजं उभी करून सपाट बुडाच्या होड्यांतून पीठ आणि दारूगोळा आत पाठवायचा. इब्राहिमने हे ओळखलं. त्यानेही सपाट होड्या बांधून त्यांवर तोफा चढवल्या आणि सरोवरातली बेटं एकेक करून घेतली: आधी वासिलादी, मग दोल्मास, मग एतोलिको. क्लिसोवा हे एकच बेट हाती लागलं नाही. तिथे हल्ला करणाऱ्या सैनिकांना होड्यांतून उतरून चिखलातून चालत यावं लागलं, आणि चिखलात रुतलेला माणूस नेम धरायला फार सोपा. पण तोवर बाकीच्या वाटा बंद झाल्या होत्या.

मग भूक. आधी घोडे आणि गाढवं गेली, मग कुत्री-मांजरं, मग उंदीर. शेवटी सरोवराकाठची आर्मिरीथ्रा नावाची खारी वनस्पती. आपल्या खाडीकाठच्या मोरसच्या भाजीच्याच जातकुळीतली ही. तिचा खारट-कडवटपणा जावा म्हणून ती पाच-पाच वेळा उकळून पाणी फेकून द्यायचे. आज तीच भाजी तिथल्या खानावळींत एकदा उकळून, लिंबू-तेल घालून मिळते. ती मागवून बघाच. एका उकळीला किती खारट लागते ते कळलं की पाच उकळ्यांचा अर्थ कळतो.

10 एप्रिल 1826 च्या रात्री (जुन्या पंचांगाप्रमाणे, आजच्या हिशेबाने 22 एप्रिल) आतल्या लोकांनी खंदकावर लाकडी फळ्या टाकून बाहेर पडायचं ठरवलं. लढणाऱ्यांच्या दोन तुकड्या, मध्ये बायका-मुलं. बेत आधीच फुटला होता. अंधारात कुणीतरी ‘मागे फिरा’ ओरडलं, अर्धी माणसं परत फिरली, आणि तोवर शत्रू आत घुसला होता. आजारी, म्हातारी आणि जखमी माणसं ख्रिस्तोस काप्सालिस या वृद्ध पुढाऱ्याच्या घरी जमली होती. त्याने दारूगोळ्याला बत्ती देऊन सगळ्यांसकट घर उडवलं. बाहेर पडलेल्यांपैकी थोडेच डोंगरापर्यंत पोचले, बाकी मारले गेले किंवा गुलाम म्हणून विकले गेले. या रात्रीला ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, ‘एक्सोदोस’. बाहेर पडणं. युरोपात या बातमीने खळबळ उडाली. चित्रकार देलाक्रवाने त्याच वर्षी या गावाच्या अवशेषांवर उभी ग्रीसची स्त्रीमूर्ती रंगवली. ते चित्र आज बोर्दोच्या संग्रहालयात आहे.

उद्यानात मध्यावर मातीचा गोल टेकाड आहे. त्याखाली नाव नसलेले मृत. बाजूला उठावातला सेनानी मार्कोस बोत्सारिस याची समाधी, आणि परदेशातून येऊन मेलेल्या स्वयंसेवकांची देशवार स्मारकं. बायरनचा पुतळा 1881 चा. हा इंग्रज कवी जानेवारी 1824 मध्ये इथे आला, पैसा ओतला, एकमेकांशी भांडणाऱ्या टोळ्यांना एकत्र आणायचा प्रयत्न केला, आणि 19 एप्रिलला तापाने गेला. वय 36. पावसात भिजून ताप आला, डॉक्टरांनी पुन्हापुन्हा रक्त काढलं. तापाचं नेमकं नाव आजही वादाचं आहे. पण चहूकडे साचलेलं पाणी आणि डासांचे थवे बघितले की कुठली शंका आधी येते ते वेगळं सांगायला नको. स्वित्झर्लंडचा योहान याकोब मायर याने वेढ्याच्या काळात इथे वर्तमानपत्र चालवलं. छापखाना तोफगोळ्याने उद्ध्वस्त झाला आणि मायर त्या शेवटच्या रात्री मारला गेला.

रात्री जेवण जुन्या गल्ल्यांत. शाकाहारी लोकांनी एक शब्द पाठ करावा, ‘नीस्तीसिमो’, म्हणजे उपवासाचं. यात मांस, मासा, अंडं, दूध काही नसतं. पण कोळंबी, कालवं, ऑक्टोपस चालतात, कारण त्यांना रक्त नाही असा तिथला हिशेब! म्हणून मागून ‘खोरीस थालासिना’, समुद्रातलं काही नको, हेही जोडायचं. हॉर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, आणि गिगांतेस म्हणजे टोमॅटोतले मोठे पांढरे वाल. या दोन पदार्थांवर चार दिवस आरामात निघतात.

दुसरा दिवस : तुर्लिदाचा रस्ता

सायकल भाड्याने घ्यावी. गाव सपाट आहे आणि तिथली म्हातारी माणसंही सायकलवरच बाजारहाट करतात. गावापासून दक्षिणेला पाच किलोमीटरवर तुर्लिदा. रस्ता थेट सरोवरातून, दोन्हीकडे पाणी. सावली नावालाही नाही, दुपारी समुद्रावरून वारा तोंडावर येतो. सकाळी आठच्या आत निघावं, दोन लिटर पाणी सोबत.

रस्त्याला लागूनच मिठागरं दिसायला लागतात. ही ग्रीसमधली सगळ्यात मोठी. भाईंदर, पेण, उरणकडची आगरं बघितलेल्यांना तत्त्व नवीन नाही, आकार मात्र चक्रावून टाकतो. समुद्राचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असं महिनोन्महिने फिरवतात. घनता बोमे अंशात मोजतात. समुद्राचं पाणी साडेतीन अंशांच्या आसपास असतं. ऊन-वाऱ्याने ते तेरा-चौदाच्या पुढे गेलं की आधी जिप्सम खाली बसायला लागतो, म्हणून त्यासाठी वेगळे वाफे. मूळ पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो तेव्हा घनता साडेपंचवीसच्या वर जाते आणि खरं मीठ जमायला लागतं. इथे पाणी स्फटिकांच्या वाफ्यात घेतात. चूक होते ती पुढे. घनता एकोणतीस-तीसच्या वर जाऊ दिली, तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात, मीठ कडू लागतं आणि हवेतली ओल ओढून ओलसर राहतं. म्हणून त्याआधी उरलेलं कडवट पाणी काढून टाकायचं. आणि जिप्समच्या वाफ्यातून पाणी घाईने पुढे ढकललं, तर मीठ पांढरं दिसतं पण पाण्यात विरघळल्यावर गढूळ होतं.

काढणी ऑगस्टच्या अखेरीला सुरू होते आणि ऑक्टोबरच्या पावसाशी तिची शर्यत असते. एक जोरदार सर आली तर वाफ्यातला वरचा थर विरघळतो, घनता कोसळते, आणि पुन्हा ऊन जमेपर्यंत मोसम संपलेला असतो. आपल्याकडे हीच धाकधूक मे अखेरीस असते. पंचांग उलटं, एवढाच फरक. सप्टेंबरात इथे यंत्रांनी रचलेले मिठाचे डोंगर उभे असतात. लांबून बर्फ वाटतो. घनता वाढलेल्या वाफ्यांतलं पाणी गुलाबी-विटकरी दिसतं. तो रंग खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाचा आणि जिवाणूंचा. ही शेवाळं खाणारे छोटे झिंगे, आणि झिंगे खाणारे रोहित पक्षी. ठाण्याच्या खाडीतल्या थव्यांत छोटा रोहित जास्त असतो. इथला तो मोठा रोहित, उंच आणि फिका. वाफ्यांचे बांध ओलांडून आत जाऊ नये. परवानगी नसते ते सोडा, बांधाची वरची पपडी वाळलेली दिसते पण पाय घोट्यापर्यंत आत जातो. त्याच रस्त्यावर मिठाचं एक छोटं संग्रहालय आहे, ते चुकवू नका.

तुर्लिदाला पोचलं की पाण्यात खांबांवर उभी लाकडी घरं दिसतात. यांना पेलादा म्हणतात. पूर्वी ही बोरूची असायची आणि कोळी मोसमात तिथेच राहायचे. आता बरीचशी सुट्टीची घरं झाली आहेत, फोटो छान येतात, पण जुन्या पेलादाचं काम बघायचं तर सरोवराच्या आत जावं लागतं. आत फिरणाऱ्या होडीचं नाव गायता. बूड सपाट, खाली कणा नाही. वल्ह्यांऐवजी लांब बांबूने तळ ढकलत नेतात, त्या बांबूला स्तालीकी म्हणतात. पाणी वीतभर असलं तरी ती चालते. कोळ्यांना आधी विचारून, पैसे ठरवून, सकाळी निघावं. भरती-ओहोटीचा फरक इथे फार नाही, पण वारा दक्षिणेचा असला तर पाणी चढतं, उत्तरेचा असला तर उतरतं. म्हणून निघायच्या आधी नावाडी हवामानापेक्षा वाऱ्याची दिशा आधी बघतो.

आता दिवारी. सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये कुंपण घालून मासे पकडायची ही इथली पद्धत समजून घ्यायला वेळ द्यावा. तत्त्व असं: वसंतात सरोवराचं पाणी समुद्रापेक्षा लवकर तापतं आणि त्यात खाणं भरपूर, म्हणून समुद्रातली पिलं आपणहून आत येतात. फेब्रुवारी ते मे कुंपणाची दारं उघडी. उन्हाळा लागताना दारं बंद. मासे आत वाढतात, त्यांना कुणी खायला घालत नाही. शरद ऋतूत पाणी गार व्हायला लागलं, किंवा अंडी घालायची वेळ आली, की मासा समुद्राकडे निघतो. खोल पाण्यातून आत येणारा प्रवाह त्याला जाणवतो आणि तो त्या प्रवाहाच्या विरुद्ध पोहत जातो. बरोबर त्याच जागी कुंपणाला बाणाच्या टोकासारखा सापळा केलेला असतो. आत जायची फट रुंदाकडून निमुळती होत गेलेली, त्यामुळे बाहेरची वाट सापडत नाही. पूर्वी हे कुंपण बोरूच्या चटयांचं असायचं, दरवर्षी नवं विणायचं. आता सिमेंटचे खांब आणि जाळी. जाळीची भोकं महत्त्वाची: लहान ठेवली तर शेवाळ अडकून प्रवाह तुंबतो आणि वादळात अख्खी भिंत वाकते. मोठी ठेवली तर मासा निसटतो. कोळ्यांचा निम्मा वेळ मासे काढण्यात जातो, निम्मा जाळी घासण्यात.

डिसेंबरच्या काळोख्या वादळी रात्री वाम बाहेर पडते. आमावस्या, दक्षिणेचा वारा आणि पाऊस, हे तिन्ही जुळून आले की सापळे भरतात. निखाऱ्यावर भाजलेली वाम हा हिवाळ्याचा पदार्थ. सप्टेंबरात ती मिळते, पण तितकी चरबीची नसते.

सप्टेंबरचा मान गाबोळीचा. इथला केफालोस मासा म्हणजे आपली बोय, गोव्यातला शेवटो. गाबोळी भरलेल्या मादीला बाफा म्हणतात. ऑगस्टच्या मध्यापासून ती समुद्राकडे निघते आणि दिवारीत सापडते. तिच्या गाबोळीपासून होतं अवगोताराखो. युरोपीय संघाने मूळस्थानाचा दर्जा दिलेला ग्रीसचा हा मासळीचा पदार्थ.

करायची रीत दिसायला सोपी. पोट कापताना सुरी वरवर चालवायची, कारण गाबोळीच्या दोन जोड पिशव्यांचं आवरण फाटलं की संपलं, ती जोडी विकायच्या लायकीची राहात नाही. पिशव्यांच्या टोकाला मांसाचा छोटा तुकडा मुद्दाम ठेवतात, तिथून त्या सुटू नयेत म्हणून. मग आवरणावरच्या रक्तवाहिन्या अंगठ्याने हलकेच दाबत रिकाम्या करायच्या. रक्त राहिलं तर सुकल्यावर काळी रेघ उमटते आणि चव धातूसारखी होते. धुऊन जाडं मीठ लावायचं, तेही याच मिठागरांचं. किती वेळ, ते आकारावर. काही तासच. लहान जोडी मोठीइतकीच वेळ मिठात ठेवली तर ती खारवलेल्या माशासारखी होते. परत धुवायचं, फळ्यांवर मांडून हाताने चपटा आकार द्यायचा, आणि वाऱ्यावर सुकवायचं. रोज उलटायचं. या दिवसांत उत्तरेचा कोरडा वारा हवा. दक्षिणेचा दमट वारा सुटला की आवरणावर चिकट थर येतो आणि बुरशीची भीती. फार सुकवलं तर आतून भुगा. बोटाने दाबल्यावर जराशी दबली पाहिजे, मऊ मेणबत्तीसारखी. शेवटी वितळलेल्या मधमाशांच्या मेणात अनेकदा बुडवून काढायचं. मेण फार तापलेलं असेल तर बाहेरची गाबोळी शिजते, गार असेल तर थर जाड बसून तडकतो. नीट बसलेलं मेण हवा आत जाऊ देत नाही, आणि गाबोळी महिनोन्महिने टिकते.

आपल्याकडे गाबोळी तळून किंवा आमटीत, ताजीच संपते. ती सुकवून मेणात घालायची कल्पना पहिल्यांदा विचित्र वाटते. खायची रीत: मेण फक्त लागेल तेवढंच सोलायचं, नखाएवढ्या जाडीच्या चकत्या कापायच्या, पावावर किंवा नुसत्या. लिंबू पिळू नये असं तिथले जुने लोक म्हणतात आणि ते बरोबर आहे. लिंबाने मधाळ-खारट चव मरते. किलोचा भाव 100 युरोंच्या बराच वर. बाजारात घेताना मेणाचा थर अखंड आहे ना आणि आतला रंग एकसारखा सोनेरी-बदामी आहे ना, हे बघायचं. काळपट ठिपके दिसले तर सोडून द्यावं. सगळं मेण काढून तुकडे फ्रिजात ठेवू नयेत, दोन दिवसांत लाकूड होतं.

संध्याकाळी तुर्लिदाच्या टोकावर बसायचं. इथे पाण्यात बरंच लांब चालत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही. पश्चिमेला क्षितिजावर ओक्सिया बेट दिसतं. 7 ऑक्टोबर 1571 ची मोठी आरमारी लढाई लेपान्तोच्या नावाने ओळखली जाते, कारण तुर्की आरमार तिथून, म्हणजे आजच्या नाफ्पाक्तोसमधून, निघालं होतं. प्रत्यक्षात गॅली, म्हणजे वल्ह्यांची युद्धजहाजं, एकमेकींवर आदळल्या त्या या बाजूच्या पाण्यात.

तिसरा दिवस : प्लेव्रोना आणि एतोलिको

आधी डोंगर, मग पाणी. प्लेव्रोना गावाच्या वायव्येला चार-पाच किलोमीटरवर टेकडीवर आहे. स्थानिक लोक त्याला किरा-रिनीचा किल्ला म्हणतात. टॅक्सी खालपर्यंत जाते, पुढे चढ. सकाळी नऊच्या आत वर पोचावं. जुनं प्लेव्रोना मॅसिडोनियाच्या दुसऱ्या दिमित्रिओसने इ. स. पू. 234 च्या सुमारास उद्ध्वस्त केलं, तेव्हा लोकांनी इथे वर नवं शहर बांधलं. तटाचे दगड गारा-चुन्याशिवाय नुसते एकमेकांत बसवलेले, अजून जागच्या जागी आहेत.

पण इथली बघायची गोष्ट म्हणजे पाण्याची टाकी. सुमारे 30 मीटर लांब, 20 रुंद, खडकात खोदलेली. आत चार भिंती, त्यांनी झालेले पाच कप्पे. भिंतींना खालच्या अंगाला निमुळती त्रिकोणी भोकं, म्हणजे पाणी सगळ्या कप्प्यांत एकाच पातळीला राहील. भिंतींचं दुसरं काम वरचं छप्पर तोलायचं. एवढ्या रुंद टाकीवर एका वाशाने छप्पर घालता येत नाही. डोंगरी किल्ल्यांवरच्या खांबटाक्या आठवतील, त्यातही हाच प्रश्न असाच सोडवला आहे. काठाला कठडा नाही, पावसानंतर दगड शेवाळतात, मुलांना हात धरून न्या.

वरून खाली बघितलं की अख्खं सरोवर एका नजरेत येतं: मिठाचे चौकोन, कुंपणांच्या रेषा, आणि मागे भराव घालून शेतीला दिलेली जमीन. तिथे कापूस, लिंबूवर्गीय बागा, आणि आता ऑलिव्हची झाडं. आखेलोओसवर धरणं झाली, क्रेमास्ताचं मोठं धरण 1960 च्या दशकातलं, आणि गाळ यायचा कमी झाला. हेरोडोटसने लिहून ठेवलं आहे की या नदीने एखिनादेस बेटांपैकी निम्मी बेटं मुख्य भूमीला जोडून टाकली. आता तोच गाळ धरणात अडकतो, आणि वाळूच्या पट्ट्या समुद्र खातो.

एतोलिको दहा किलोमीटरवर. बेटावरचं गाव, दोन्ही बाजूंना कमानीदार दगडी पूल. पाण्यातून रस्ता थेट बाजारात शिरतो. दगडावर कोरून छापे घेणारी चित्रकर्ती वासो कात्राकी इथली. तिच्या कामाचं संग्रहालय गावाच्या मानाने मोठं आहे, तासभर ठेवा. एतोलिकोचं पाणी मात्र फसवं. बाकी सरोवर उथळ, पण या गावाच्या उत्तरेचा खळगा जवळजवळ तीस मीटर खोल. खालचं खारट जड पाणी वर येत नाही, त्याला हवा लागत नाही, आणि तळाशी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साठतो. मोठं वादळ आलं आणि सगळं पाणी ढवळलं गेलं, तर वर प्राणवायू संपतो आणि मासे किलोंनी तरंगतात. काठावर वास आला तर ते गटारीचं समजून नाक मुरडू नका, तळ हललेला असतो.

जेवायला पेताली मागवा. मासा पाठीतून उघडून, काटा काढून, पुस्तकासारखा पसरायचा, मीठ लावून दिवसभर उन्हात ठेवायचा आणि निखाऱ्यावर भाजायचा. सुक्या बांगड्याइतका कडक नसतो, ताज्याइतका ओलाही नाही.

चौथा दिवस : कालिदोना, क्रिओनेरी

परतीच्या दिवशी पूर्वेकडे. सामान हॉटेलवर ठेवून टॅक्सी ठरवावी, बस पकडून हे होत नाही. कालिदोना दहा किलोमीटरवर, एविनोख्योरी गावाजवळ. पुराणातल्या रानडुकराच्या शिकारीची जागा. प्राचीन नाट्यगृहाचा मधला चौक इथे गोल नाही, जवळजवळ चौकोनी आहे, खालच्या पायऱ्या सरळ रेषेत. ग्रीसमध्ये असं फार थोड्या ठिकाणी दिसतं. वरच्या टेकाडावर आर्तेमिस लाफ्रियाच्या देवळाचा चौथरा. रोमन सम्राट ऑगस्टसने ही वस्ती उठवली आणि देवीची मूर्ती पात्रासला देऊन टाकली. अशी छोटी सरकारी स्थळं बहुतेक दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात, आणि आठवड्यात एक दिवस कुलूप असतं. आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून फोन करवून घ्यावा. कुलूप लागलेलं असेल तर इथून मिळालेल्या वस्तू गावातल्या झेनोक्रातिओ संग्रहालयात बघता येतात.

पुढे वारासोवा, 917 मीटरचा उघडा कातळ, पाण्यातून सरळ उठलेला. त्याच्या पायथ्याशी क्रिओनेरी. 1890 च्या सुमाराला इथून मेसोलोंगीमार्गे आग्रिनिओपर्यंत मीटरगेज रेल्वे धावायची. आग्रिनिओची तंबाखू या धक्क्यावर यायची आणि फेरीवर चढून पात्रासला जायची. उथळ सरोवर टाळून खोल पाणी मिळतं ते पहिलं ठिकाण हेच, म्हणून रुळांचं टोक इथे. 1970 मध्ये गाडी बंद झाली. मेसोलोंगीतलं स्टेशन अजून उभं आहे. क्रिओनेरी म्हणजे ‘थंड पाणी’. किनाऱ्यावर गोड्या पाण्याचे झरे आहेत, खडे पायाखाली गरम आणि पाणी गार. चार दिवसांत पोहण्याजोगं पाणी इथेच.

जाताना एविनोस नदी ओलांडावी लागते. पात्र रुंद, पाणी थोडं. वरती डोंगरात धरण आहे आणि तिथून बोगद्याने पाणी मोर्नोसच्या जलाशयात जातं, मग कालव्यातून अथेन्सला. परतीची बस दुपारची धरली तर किफिसॉसला अंधार पडायच्या आत पोचता येतं. अवगोताराखो हातातल्या पिशवीत ठेवावं. बसच्या पोटातल्या उन्हात मेण मऊ पडतं आणि दोन जोड्या एकमेकींना चिकटतात.